दोघांचे रिपोर्ट

"तो बर्फवाला आवडतो का गं तुला?"

बाबांनी खिडकीशी बसून तिच्या कोटाचं बटण लावलं आणि दाताने दोरा तोडत विचारलं. ती बशी पुसत होती. ती बशी मग बराच वेळ पुसली गेली.

"काहीतरीच काय, बाबा!"

"नक्षी जाईल बशीची. उत्तर दे."

बर्फवाला म्हणजे लॅबमधला तो. खरं तर बर्फ तिचा होता, नाव मात्र त्याला चिकटलं.

आतड्यातली गाठ काढून बाबा घरी आले तेव्हा सर्जनबाईंनी एक नवी तपासणी सांगितली होती. गाठ परत येणार असेल तर रक्तातून ते आधीच कळू शकतं, म्हणे. नर्सने नळीत रक्त घेतलं. ती नळी हिने बर्फाच्या डब्यात ठेवली आणि डबा छातीशी धरून, तान्हं मूल न्यावं तशी धावत लॅब गाठली. खिडकीपलीकडच्या माणसाने झाकण उघडलं आणि बर्फात बोट घालून पाहिलं.

"बर्फ... कुणी सांगितला?"

"कुणी नाही. मला वाटलं, खराब होईल."

"मासे असते तर चाललं असतं." मग त्याने जीभ चावली. "माफ करा. या नळीला थंडी चालत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए बाहेर सांडतो, आणि आम्हाला शोधायचं ते त्या गर्दीत हरवतं. परत आणावी लागेल."

तिला खरं तर राग यायला हवा होता. पण तिने विचारलं, "काय शोधायचं असतं तुम्हाला?"

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. त्या खिडकीशी येणारे सगळे एवढंच विचारत – रिपोर्ट कधी मिळेल?

दुसऱ्या दिवशी नवी नळी घेऊन ती आली ती बाबांसकट. बाबांनी जन्मभर शिवणकाम केलेलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट उलटी करून आतली शिलाई बघायची सवय. त्यांनी खिडकीला कोपर टेकवलं. "हं, सांगा आता."

तो सांगत गेला. प्रत्येक गाठीच्या डीएनएमध्ये तिच्या स्वतःच्या अशा चुका असतात. काढलेल्या गाठीतून त्या वाचून ठेवायच्या आणि मग त्याच चुका असलेले बारीक तुकडे रक्तात दिसतात का, ते बघत राहायचं. दिसले, तर कुठेतरी काहीतरी उरलंय. स्कॅनमध्ये दिसायच्या कितीतरी आधी कळू शकतं.

"म्हणजे रस्त्यात पडलेल्या दोऱ्यावरून कपडा कुणाचा ते ओळखायचं!"

"अगदी तसंच, काका."

"आणि दोरा सापडलाच नाही तर?"

"तर काळजी कमी. पण शून्य नाही."

"पोरगा खोटं बोलत नाही," बाबा तिच्या कानात कुजबुजले – अख्ख्या लॅबला ऐकू जाईल असे.

मग दर तीन महिन्यांनी रक्त, आणि मधल्या दिवसांत तो. ती ज्या वाचनालयात काम करायची तिथे तो सभासद झाला. आज नेलेलं पुस्तक उद्या परत.

"वाचता तरी का हो तुम्ही?"

"वाचत बसलो तर परत करायला कधी येणार?"

तिने हसू आवरून शिक्का मारला. तो उलटा पडला.

एका संध्याकाळी थांब्यावर दोघं उभी असताना भुरभुर सुरू झाली. त्याने छत्री उघडली ती तिच्या हातातल्या पुस्तकांवर. स्वतः बाहेरच.

"भिजताय तुम्ही."

"माझ्या पेशी थंडीने फुटत नाहीत." जरा थांबून, थेंब झटकत तो म्हणाला, "एक विचारू? तुमच्या मनात काय आहे... ते कुठल्या नळीत बघायचं?"

तिच्याकडे उत्तर होतं. अगदी ओठांवर होतं. ती म्हणाली, "बस आली."

हे सगळं बाबांना ठाऊक होतं. तिने सांगितलं नव्हतं, पण त्या दिवसापासून ती छत्री न घेता बाहेर पडू लागली होती.

"ऐक," बाबा कोट झटकत म्हणाले. "चौथा रिपोर्ट यायचाय माझा. घरी आणून देतो म्हणालाय तो, मीच चहाला बोलावलंय. मी माझा रिपोर्ट सांगेन, तू तुझा सांगायचा. मोठ्याने."

"आणि माझा आलाच नाही तर?"

"सॅम्पल बर्फात ठेवू नकोस, म्हणजे येईल."

ती हसली. बाबांनी कोट खुंटीला लावला, मापाची टेप खुर्चीच्या पाठीवर टाकली. संध्याकाळी दोघांनी खिचडी खाल्ली.

सकाळी बाबा उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं होतं. सगळ्यांचं लक्ष आतड्याकडे, हृदयाला कुणी काही विचारलंच नव्हतं.

लॅबमध्ये नळ्यांवर फक्त नंबर असतात. नंबराला काय कळणार. त्या आठवड्यात कामाच्या गर्दीत त्याचं वाचनालयात जाणंही झालं नव्हतं. आठवडा संपता संपता तो आला तो जिन्यातूनच ओरडत, "काका, चहा टाका! दोरा नाही सापडला!"

तिने दार उघडलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग आतल्या रिकाम्या खुर्चीकडे. टेप तिथेच होती.

"बाबा गेले," ती म्हणाली. "सोमवारी."

हातातल्या लिफाफ्याचं काय करावं ते त्याला कळेना. "मला माहीत असतं तर असं ओरडत..."

"बरं झालं ओरडलात. त्यांना असंच ऐकायचं होतं." ती बाजूला झाली. "आत या. वाचा."

"आत्ता?"

"ठरलं होतं. मोठ्याने."

त्याने वाचलं. मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत. गाठीच्या खुणा असलेले तुकडे आढळले नाहीत.

"म्हणजे... ती परत आलीच नव्हती?"

"येत होती असं कुठेच दिसलं नाही. चारही वेळा."

तिने मान हलवली. खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला. बाबांनी लावलेलं बटण काजात सरकवलं, घट्ट बसलं.

"आता माझा."

"तुमचा... काय?"

ती खुर्चीकडे वळली, आणि त्याला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हो बाबा. आवडतो मला."