आधी देवीला

तिसगावच्या औषध-चाचणी केंद्रावर ज्ञानेश्वरी परत आलेल्या बाटल्या काट्यावर ठेवत होती. काचबिंदूच्या तिच्या या नव्या थेंबांनी डोळ्यांची आग होत नसे, आणि त्यापायी तिनं तीन वर्षं डोकेफोड केली होती. बाटलीच्या वजनावरून थेंब खरंच घातले का ते कळे. माणसं डॉक्टरपुढं हातचं राखून बोलतात, काट्याला तेवढी रीत नाही.

लंकाबाईची महिन्याची बाटली पंधरा दिवसांतच संपली होती.

तिचा उजवा डोळा आधीच गेलेला. यंदा ऊसतोडीला जायचं ते डाव्याच्या भरवशावर. ज्ञानेश्वरीनं तो दोनदा तपासला. डोळ्यातला दाब चांगला उतरला होता, पण बॅटरीच्या उजेडात बाहुली हलत नव्हती. तक्त्यावरचं सर्वांत मोठं चिन्हही लंकाबाईला दिसेना.

"मावशी, कधीपासून असं?"

"घरात समदं दिसतंय की. भिंतीवरची मुंगी बी. दाराभाईर आलं का अंधार."

हे कुठल्या पुस्तकात बसावं?

"थेंब किती घालता?"

"येकच. आदी देवीला, मंग मला. नवं काय बी आलं का पैलं तिला दावायचं. तिचा बी डावाच राह्यलाय."

ज्ञानेश्वरीला हसावं की रडावं कळेना. हे चाचणीच्या वहीत लिहिलं तर लंकाबाईचं औषध बंद होणार, आणि न लिहावं तर हा डोळा कशानं चालला ते कधीच कळणार नाही. भर दुपारी ती लंकाबाईचा हात धरून तिच्या घरी गेली.

उंबरा ओलांडताच लंकाबाईनं हात सोडवून घेतला. तरातरा कोपऱ्यात गेली, फडताळातून चहाचा डबा काढला. मग अंगणातल्या चुलीकडं मात्र भिंत चाचपत निघाली.

कोनाड्यात शेंदूर फासलेली देवी होती. उजव्या डोळ्याच्या जागी नुसता खळगा. डावा पितळेचा, मधे काळा ठिपका. तो ओला होता. सकाळचा थेंब एव्हाना वाळायला हवा होता.

सवयीनं ज्ञानेश्वरीनं त्यावर बॅटरी धरली.

ठिपका बारीक झाल्यासारखा वाटला. ती आणखी जवळ वाकली.

बाहेर लंकाबाई पाठमोरी बसून चूल फुंकत होती. तिनं झटकन पदर डोळ्यावर ओढला.

"बॅटरी बाजूला घ्या की, ताई. डोळं दिपत्यात."