मालनबाईची बिडाची पावलं

हसनाबादच्या रस्त्यावर जीप पंक्चर झाली आणि राधेश्यामने सगळा राग दैवशालाताईंवर काढला.

"काल जॅक घेऊ दिला असता तर आज रस्त्यावर जॅक उसना मागायची पाळी आली नसती, ताई."

"काल शनिवार होता," दैवशालाताई हळू आवाजात म्हणाल्या. "शनिवारी लोखंड दान द्यावं, घरी आणू नये. गाडीतही नाही."

"शनिदेवाला जीपचा नंबर पाठ हाय का?"

दैवशालाताई हसल्या नाहीत. खाजगी तपास करणारी ही बाई इतकी हळू बोलायची, की समोरच्याला पुढे वाकूनच ऐकावं लागे. राधेश्याम सात वर्षं वाकत होता, तरी निम्मं सुटायचं.

"जल्दी करा!" मागच्या सीटवरून वंदना ओरडली. "तिकडं राजानंदला पोलिसात देऊन राह्यलेत."

वंदना शिल्पकार. गावातल्या बंद शेडमध्ये तिनेच कलाकारांचं ओतकाम भरवलं होतं. गावकऱ्यांनी फुटके बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे तवे, पंपांचे तुकडे दिले. काल सकाळी ते भट्टीत वितळवून वाळूच्या साच्यांत ओतले. सुमेधाने साच्यातून आपल्या आजीची, मालनबाईची पावलं काढली. आज संध्याकाळी ती पावलं विहिरीच्या कट्ट्यावर बसवायची होती. तरुणपणी मालनबाई तिथंच रिकामी घागर घेऊन उभी राहायची. पाण्याला शिवायची परवानगी नव्हती. कुणी वरून ओतलं तर पाणी.

"काल चहाच्या वेळी पावलं गेली," वंदना म्हणाली. "आज सकाळी शेडमागं राजानंदच्या फरशीच्या खोलीत सापडली, तसा फोन आला. भट्टी तोच सांभाळतो, सुमेधाच्याच वस्तीतला. तो चोर ठरला तर कट्ट्यावर काहीच बसणार न्हाई."

"तुमचं काम कसं उतरलं?" दैवशालाताईंनी विचारलं.

"तडकलं. अन् सुमेधाचं चांगलं उतरलं म्हणून जळलेबी. लिहून घ्या. पण मी काल अंधार पडायच्या आत जालन्याला गेल्ते, आज तुमच्याच गाडीत येऊन राह्यले."

---

शेडपुढे गर्दी होती. मध्ये राजानंद, शर्टाची बाही फाटलेली.

"म्हणलं होतं मी, चोर त्यांच्यातलाच निघंल!" धर्मराज गरजत होते. गावातले मोठे जमीनदार. कट्ट्यावर पावलं बसवायला त्यांचा पहिल्यापासून विरोध. "बाई, तुम्ही आल्या तशा जा. मामला मिटला."

"तुमच्या पोटात दुखायचं मिटलं का?" सुमेधा फटकन म्हणाली.

दैवशालाताईंनी पावलांपुढे बैठक मारली. कालच्या ओतकामातल्या बाकीच्या वस्तू शेजारी मांडलेल्या, सगळ्या निळसर राखाडी. पावलं मात्र टाचेपासून घोट्यापर्यंत नारिंगी गंजलेली. बोटांच्या बेचक्यात शेवाळाचा हिरवा धागा. एका टाचेवर शेणाचा सुका पोपडा.

"राजानंद, खोलीत पाणी साठवतोस?"

"एक माठ हाय. त्यात एक पाऊल बी मावणार न्हाई."

"रात्री खोली?"

"कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेला."

"घ्या! आपल्या तोंडानं कबूल!" कुणीतरी ओरडलं.

"सकाळी दार उघडं टाकून आंघोळीला गेल्तो," राजानंद दात आवळून म्हणाला.

"तेव्हा इकडे कोण आलं?"

"कोणी न्हाई. दुर्गाबाई तेवढ्या शेणाची पाटी घेऊन इकडून उकिरड्याकडं जाताना दिसल्या. त्या रोजच जातात."

---

दुर्गाबाई म्हणजे धर्मराजांची बायको. त्यांच्या दारात नवाकोरा लोखंडी पलंग पडला होता, त्याला हळदकुंकू लावलेलं. दोन गडी तो आत नेत होते.

"काल आणला," धर्मराज करवादले. "पण हिनं उंबऱ्यातच अडवला. बारा खोल्यांचं घर, नवा पलंग अंगणात, अन् मी भुईवर! मला असलं काही पटत न्हाई."

दुर्गाबाई पदर सावरत बाहेर आल्या. "बसा, ताई. काल तुमचाबी शनिवार असंल? चेहऱ्यावरून कळतं. माझा तीस वर्षांचा नेम. गोठाबी मी स्वतः काढते, गडी असून. चहा घ्या, आमच्याच म्हशीचं दूध हाय. मी सकाळीच घेतला."

"माझी पूजा व्हायची आहे अजून."

फाटकाबाहेर जनावरांचा हौद होता. दोन म्हशी पाणी पीत होत्या. राधेश्यामने हात धुवायला बाजूने हात घातला आणि तळातून मूठ वर काढली.

"हिरवं शेवाळ तर हायच, पण ही काळी रेती कुठली? जळल्यावानी?"

"ती टाकू नकोस," दैवशालाताई म्हणाल्या. "रुमालात बांध."

---

विहिरीच्या कट्ट्यापाशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. मालनबाईही काठी टेकत आली.

"पावलं रात्रभर पाण्यात होती," दैवशालाताई म्हणाल्या. गर्दीला गप्प व्हावंच लागलं. "त्याशिवाय एकटी तीच गंजली नसती. शेवाळ हौदातलं. साच्याची जळकी वाळू बोटांत अडकली होती, ती हौदाच्या तळाशी सापडली."

"मंग राजानंदनंच हौदात लपवली असतील," राधेश्याम म्हणाला.

"कुलपाची खोली सोडून? धर्मराजांच्या दारात?"

"मंग धर्मराजांनी!"

"बारा खोल्या सोडून? चोराला पावलं घरात नेता येत नव्हती. काल शनिवार होता, राधेश्याम. जॅक आठव."

राधेश्यामने रुमालाची गाठ सोडून वाळू सगळ्यांपुढे धरली.

"धर्मराज शनिवार पाळत नाहीत. पलंग काल आणला तो त्यांनीच. उंबऱ्यात अडवणारं माणूस दुसरं आहे. रविवार उजाडल्यावर त्याच माणसानं पावलं पाटीत घातली, वर शेण टाकलं. शेणाच्या पाटीत कोण डोकावतं? फरशीच्या खोलीत टाचेला शेण कुठून लागेल?"

सगळ्यांच्या माना वळल्या. धर्मराज बायकोकडे बघतच राहिले.

दुर्गाबाईंनी मान खाली घातली नाही. "होय, नेली. ह्या कट्ट्यावर माझी सासू घागर टेकवायची. तिथं हिचे पाय पुजायचे? चोरीचा आळ त्यांच्यावर गेला असता, सगळंच मोडलं असतं. बराबर केलं मी."

"व्रत तुमचं नि माझं एकच आहे, बाई," दैवशालाताई म्हणाल्या. आवाज तेवढाच हळू, पण या वेळी कुणाला वाकावं लागलं नाही. "लोखंड तुम्ही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाहीत. खोटं मात्र डोक्यावर घेऊन दुसऱ्याच्या घरात ठेवून आलात."

राजानंदचा दंड धरून उभा असलेला माणूस हळूच बाजूला झाला.

मालनबाई पुढे आली. वाकून तिने बिडाच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. बोट नारिंगी झालं.

"त्या हौदावर ढोरं प्यायची, अन् मला म्हणायचे, लांब हो," ती म्हणाली. "काल रातभर माझेच पाय होते त्यात. तेच पाणी तुमच्या म्हशी प्याल्या, दुर्गाबाई. त्याच दुधाचा चहा तुम्ही प्याल्या."

दुर्गाबाईंचा हात नकळत तोंडाकडे गेला.

सुमेधाने पिशवीतून तारेचा ब्रश काढला, गंज घासायला. म्हातारीने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"घासू नको गं. असेच बसव."