एकदा म्हणजे हो

दिवा जरा अलीकडे ओढ, आणि त्या ट्रककडे पाठ करून बसू नकोस. तू बॅटऱ्या विकणारा माणूस, तुझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, ठाऊक आहे मला. माझाही नव्हता. आज दुपारपर्यंत तरी नव्हता.

काम साधंच होतं. दादा गेल्यापासून हा त्याचा जुना पेट्रोल ट्रक वर्षभर ताडपत्रीखाली पडून होता. शेवटी वहिनी म्हणाली, पोरगी चालवेल. पोरगी म्हणजे माझी पुतणी, चिमी. चोवीस वर्षांची, खिशात लायसन, आणि हट्टाला थेट बापावर गेलेली. उद्या सकाळी खडी भरून चढावर जायचंय तिला. हो, त्याच चढावर, जिथून दादा गाडीसकट मागे आला. म्हणून म्हटलं, इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, आपण स्वतः लावून द्यावं.

टायमिंग लावताना बॉनेट उघडं असतं, त्यामुळे समोरची काच झाकली जाते. आत बसलेला माणूस दिसत नाही. त्याचा आवाजही इंजिनपुढे ऐकू येत नाही. म्हणून दादाने आणि मी फार वर्षांपूर्वी एक पद्धत पाडली होती. मी इकडून ओरडून विचारायचं, त्याने ॲक्सिलरेटर दाबून उत्तर द्यायचं. एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. "जेवायला जायचं का?" एकदा. "वहिनीला सांगून आलास का?" हमखास दोनदा! हसायचो आम्ही.

आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला एक बारीक रबरी नळी असते. इंजिन तिच्यातून हवा ओढतं आणि ठिणगी थोडी आधी पडते. टायमिंग लावण्याआधी ती नळी काढून तिचं तोंड बुजवायचं, हा पहिला धडा. नाहीतर जागेवर गाडी झकास चालते, पण भरल्या ओझ्याने चढाला लागली की ती ओढ नाहीशी होते, ठिणगी उशिरा पडते, इंजिन धापा टाकतं, तापतं आणि बंद पडतं. इंजिन बंद म्हणजे या गाडीत ब्रेकचाही जोर गेला. दादाच्या त्या शेवटच्या फेरीआधी टायमिंग लावलं, त्या दिवशी मला पाहुण्यांकडे जेवायला जायची घाई होती. मी नळी काढली नाही. अति घाई संकटात नेई, हे या ट्रकच्या मागे रंगवून घेणारा मीच, बघ.

सगळे म्हणाले, ब्रेक गेले. मीही मान डोलावली. आणि वर्षभर वहिनीच्या हातचं जेवतोय.

तर आज दुपारी टायमिंग लाइटचा उजेड दिसावा म्हणून गॅरेजचं पुढचं शटर ओढलं, धुरासाठी मागचं उघडं ठेवलं. चिमी आत बसली. सीट तिला लांब पडत होती, म्हणून सकाळीच मी ती पार पुढे सरकवून बोल्ट आवळले होते. इंजिन सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटरकडची नळी तोंडात धरून ओढून बघितली. आतला पडदा फाटला नसेल तर नळी जिभेला चिकटून राहते. राहिली. मी जीभ बाजूला घेतली, आणि नळीतून हवा बाहेर आली. ऊन हवा... पेपरमिंटचा वास असलेली. सिगारेट सोडल्यापासून दादा दिवसभर पेपरमिंटच चघळायचा. म्हटलं, भास आहे. कामाला लाग.

चिमीने इंजिन लावलं. नळी काढून मी तोंड बुजवलं, पुलीवर लाइट धरला. पुलीवरची खूण जागेवर थरथरत उभी राहिली. अगदी बरोबर.

"ऐकतेयस ना गं? जरा रेस वाढव!" वाढलं. "सोड!" सोडलं. गुणाची पोर, मनात म्हटलं. ती बुजवलेली नळी माझ्या हातात होती. चिमी दिसत नव्हती, म्हणूनच धीर झाला असेल.

"त्या दिवशी मी नळी काढली नव्हती!" मी ओरडलो. "ब्रेकचा दोष नव्हता. माझा होता. ऐकलंस?"

इंजिन एकदा गुरगुरलं. एकदाच.

मी रडत होतो रे. "माफ करशील का मला?"

काहीच नाही. मग इंजिन आपोआप बंद झालं. त्या शांततेत मागच्या शटरखालून चिमी वाकून आत आली, हातात चहाची किटली.

"काका, आईने हाक मारली म्हणून गेले होते. इंजिन चालूच ठेवलेलं. तुम्ही बंद केलंत?"

"कधी... कधी गेलीस तू?"

"मघाशीच! तुम्ही लाइट धरलात तेव्हा." ती केबिनमध्ये चढली आणि वैतागली. "काका, सीट कुणी मागे ढकलली? माझा पाय पोचत नाहीये."

दादा सहा फुटी होता. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं, ती एकदा-दोनदाची खूण मी चिमीला कधी शिकवलीच नव्हती.

तू म्हणशील, पोरीला जाऊ देऊ नकोस. सांगून पाहिलं. ती म्हणते, खोट दाखवा. गाडीत खोट नाहीच! कारण सांगायचं तर ते एकच आहे, आणि तिच्या तोंडाकडे बघून ते सांगायला जीभ रेटत नाही. सीटचे बोल्ट पाहिले. आवळलेलेच आहेत, मागच्या भोकांत. पाना लावला, हलत नाहीत. चिमी म्हणाली, राहू दे, पाठीला उशी घेईन.

उद्या मी तिच्या शेजारी बसणार आहे. माझं जे व्हायचं ते होवो. पण पोरीने काय केलंय? म्हणून तुला बोलावलं. एकट्याने विचारायची हिंमत होत नव्हती. थांब, दिवा असाच राहू दे. चावी घरात आहे, चिमीच्या उशाशी. आत कुणी नाही, तू बघितलंस.

"दादा... चिमीला सुखरूप खाली आणशील ना?"

...

ॲक्सिलरेटरचं पॅडलच वाजलं ना ते? तुलाही ऐकू आलं. मग तोंड का फिरवतोस? इकडे बघ माझ्याकडे. एकदा वाजलं... की दोनदा?