अकरावा गडी

शहाऐंशी सालच्या मे महिन्यात शेजारची नलिनी मला म्हणाली, नाना, दुपारचं जरा आमच्या ह्यांच्याजवळ बसाल का. तिथून हे सुरू झालं.

काम अवघड नव्हतं. बारा वाजता जयवंतला पेज गरम करून द्यायची, दोन वाजता गोळी, आणि धाप लागलीच तर पाठीशी उशी लावून बसवायचं. ती मुलुंडला एका ऑफिसात टायपिंग करायची, यायला साडेपाच व्हायचे. मी गिरणीतून कधीचा निवृत्त झालेला. माझी शेवंती जाऊन चार वर्षं झालेली. भांडुपच्या त्या चाळीत दुपार म्हणजे मला खायला उठायची. मी हो म्हणालो.

जयवंत बत्तीस वर्षांचा. विक्रोळीला कारखान्यात होता, पण लहानपणीच्या तापानं हृदयाची झडप खराब झालेली. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, जून महिन्याचा पहिला सोमवार. तोवर त्यानं पलंगावरून हलायचं नव्हतं. त्याच्या मामानं विलायतेहून एक छोटा काँप्युटर पाठवला होता. पाटीएवढा, काळा, रबराच्या बटणांचा. तो टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटच्या टेपरेकॉर्डरला जोडायचा. उजेडानं पडदा दिसत नाही म्हणून जयवंत खिडकीवर ओला टॉवेल टाकायला लावी. भर दुपारी खोलीत अंधार, टॉवेलाचा ओलसर वास आणि टीव्हीचा निळा उजेड.

त्यावर तो फुटबॉलचा खेळ खेळायचा. खेळ म्हणजे बॉल मारायचा नाही. आपण टीम चालवायची, कोणाला खेळवायचं ते ठरवायचं, सामना काँप्युटर खेळणार. मूळ खेळात विलायती टीम होत्या. जयवंतनं त्या काढून जुन्या काळातल्या भरल्या. गिरण्यांच्या टीम, रेल्वेची, गोऱ्या सोल्जरांची. फुटबॉल सुरुवातीच्या काळात कसा खेळत, त्याबद्दल त्यानं लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचलं होतं. गोलाला वर दांडी नसायची, नुसती दोरी. आणि बदली खेळाडू नसायचा. एखादा जायबंदी झाला तर उरलेल्या दहांनी खेळायचं.

“तोच नियम घातलाय मी,” तो म्हणाला. “हंगाम सुरू झाला की तेच अकरा, शेवटपर्यंत. नाना, तुम्ही खेळायचात ना गिरणीत? खरी नावं द्या की.”

मी खेळायचो. अनवाणी, डाव्या बाजूला. मी त्याला दहा नावं दिली. खंडू परब, आमचा कॅप्टन, त्याचं नाव पहिलं. ती नावं मी पन्नास-छप्पन्न वर्षांत मोठ्यानं घेतली नव्हती.

“आणि अकरावा?”

“आठवत नाही रे,” मी म्हणालो.

जयवंत हसला. म्हणाला, मग मीच खेळतो. शाळेत मास्तरांनी कधी ग्राउंडावर उतरू दिलं नाही, आता बघू कोण अडवतं. आणि त्यानं आपलं नाव टाकलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण त्याच्या नावाचं पहिलं अक्षर मासे धरायच्या गळासारखं होतं, ते ध्यानात राहिलं. सगळ्यात खालच्या ओळीत तो गळ.

प्रत्येक नावापुढे एक आकडा होता. आकडे मला येतात. जयवंतनं सांगितलं, तो त्या गड्याचा दम. सामना खेळला की घटतो, विश्रांती मिळाली की वाढतो. त्यानं सगळ्यांना पंधरा-पंधरा दिला.

डाव संपला की तो कॅसेटवर भरून ठेवायचा. ते काम माझं. दोन बटणं एकदम दाबायची, थांबायचं, मग वायर काढून टेप मागे नेऊन वाजवायची. नीट भरलं का ते कानानं कळे. कर्कश किंचाळल्यासारखा आवाज, मग थोडी शांतता, मग पुन्हा किंचाळणं. पहिल्या दिवशी त्या मधल्या शांततेत मला चुबुक चुबुक ऐकू आलं. वल्हं पाण्यात बुडावं तसं. जयवंत म्हणाला, टेप जुनी आहे.

दुसऱ्या दिवशी डाव पुन्हा उघडला तर दहा जणांपुढचा आकडा शून्य. फक्त गळाच्या ओळीत चौदा.

जयवंतनं डोकं खाजवलं. शून्य दमाचा गडी खेळूच शकत नाही, असं म्हणाला. पण ते दहा खेळले. रेल्वेला हरवलं, सोल्जरांना हरवलं. रोज जिंकत होते आणि रोज शून्यच होते. घटत होता तो एकट्या जयवंतचा आकडा. बारा. नऊ. विश्रांतीनं वाढत नव्हता. आणि पलंगावरचा जयवंतही तसाच. सहा झाला त्या दिवशी त्याला उठून मोरीपर्यंत जाता आलं नाही. चार झाला त्या रात्री नलिनी डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत कसं तरी निभवा.

खोलीत खाडीच्या चिखलाचा वास यायला लागला होता. भांडुपला पूर्वेचा वारा असला की येतो तसा, म्हणून मी मनाची समजूत घातली. पण वारा पश्चिमेचा होता.

मी नलिनीला म्हणालो, ते यंत्र काढून ठेव. तिनं कपाटात ठेवलं. दोन दिवस खेळ बंद. शनिवारी जयवंतचे ओठ निळे पडले. तो हळूच म्हणाला, नाना, बघू तरी द्या. मी नाइलाजानं जोडलं. बंद ठेवलेल्या डावात त्याच्यापुढचा आकडा एकवर आला होता.

“पुढचा सामना...” तो वाचत होता. थांबला. “मढ. नाना, मढची टीम मी घातलीच नाही. तुम्ही कधी बोललात?”

मी बोललो नव्हतो. शेवंतीशीसुद्धा नाही.

मग मी त्याला सांगितलं. त्याचा गार पडलेला हात हातात घेऊन सांगितलं, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

सन तीस साली आमची टीम मढला तिथल्या गावकऱ्यांशी खेळायला निघाली. अंधेरीला उतरायचं, वेसाव्याला चालत जायचं, तिथून होडी. होडीत बसलं की खंडूची रीत होती. प्रत्येकानं आपापला नंबर मोठ्यानं बोलायचा. एक, दोन, तीन. सगळे आले की होडी सुटणार. त्या दिवशी मी अंधेरीतच मागे राहिलो. शेवंतीचा बाप तिथं खाणीवर होता, तिला बघायला गेलो. येतो म्हणालो होतो, गेलो नाही. बंदरावर ते दहा जण माझ्यासाठी थांबले. भरती गेली, ओहोटी लागली, होडीवाला घाई करत होता. खंडू त्याला म्हणत राहिला, आमचो एक येवचो आसा. शेवटी भलत्या वेळी होडी सोडली आणि खाडीच्या तोंडाशी उलटली. होडीवाला तेवढा पोहून आला. त्यानंच हे सांगितलं. खंडू सोडला तर एकालाही पोहता येत नव्हतं, सगळे घाटमाथ्याकडचे नाहीतर गिरणीतच वाढलेले. खंडू एकटा कोकणातला. त्याला यायचं, पण तो पोरांना धरायला गेला.

“अकरावा मी,” मी म्हणालो. “मला आठवत होतं. मी खोटं बोललो, पोरा.”

जयवंतनं पडद्यावरची खालची ओळ पुन्हा वाचली. त्याच्या छातीची घरघर तेवढी चालू होती.

“मग ती जागा तुमची,” तो म्हणाला. “मी भलत्याच जागी उभा राहिलो.”

“माझं नाव टाक.”

“बदली चालत नाही ना... मीच नियम घातलाय.”

“बदली कुठे? नाव चुकीचं दिलं होतं. चूक दुरुस्त करता येत नाही का?”

तो माझ्याकडे बघत राहिला. “येते,” म्हणाला. “पण नाना... नको.”

“मी शहात्तरचा आहे. तू बत्तीस. नलिनीचा विचार कर जरा.”

त्यानं डोळे पुसले आणि बटणं दाबली. एकेक बटण दाबायला त्याला वेळ लागत होता. खालच्या ओळीतला गळ गेला. तिथं माझं, काशीरामचं, नाव आलं. त्याच्यापुढे आकडाच आला नाही, शून्यही नाही. मोकळी जागा.

जयवंतनं सामना सुरू केला. पडदा तसाच राहिला.

“सुरूच होत नाही, नाना.”

“राहू दे. भरून ठेव.”

मी दोन बटणं दाबली. मग सवयीनं टेप मागे नेली, वायर काढली, वाजवली. किंचाळणं झालं, शांतता आली. चुबुक चुबुक. आणि मग कोणीतरी लांबून म्हणालं, एक.

तो खंडू होता.

दोन. तीन. वेगवेगळे आवाज, मी एकेक ओळखला. आठवा बारक्या सखाराम, त्याचा आवाज तेव्हा नुकताच फुटलेला. नऊ. धा.

मग नुसतं पाणी. बराच वेळ. जयवंतनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्यानंही ऐकलं होतं. पण माझ्या लक्षात दुसरंच आलं. त्याचा हात गरम होता. ओठांवर रंग आला होता.

सोमवारी ऑपरेशन झालं. नीट झालं. नलिनीनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं, मी तिला उठवलं.

आता तीन वर्षं झाली. ती दोघं बोरिवलीला राहायला गेली, त्यांना मुलगी झाली, शुभा नाव ठेवलं. काँप्युटर विकला. टेपरेकॉर्डर आणि ती कॅसेट मात्र जयवंतनं माझ्याकडे ठेवली. त्या शनिवारबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

दुपारी कधी कधी मी ती लावतो. भीती वाटत नाही. माझीच माणसं आहेत, माझ्यासाठी थांबलेली. धा होतं, मग पाणी वाजत राहतं. मला ठाऊक आहे पुढचा नंबर कोणाचा. पण मी तोंड उघडलेलं नाही. आजवर एकदाही नाही. अजून थोडं, असं मनात म्हणतो आणि बटण दाबून बंद करतो.

परवा बुधवारी बंद करायला हात पुढे केला आणि थांबलो. धा झालं. पाणी वाजलं. आणि मग टेपवर कोणीतरी म्हणालं, अकरा.

हळू, थकलेला, म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. सन तीस सालचा नव्हे. आजचा. माझा.

त्यानंतर होडी सुटल्याचा आवाज आला.