लेनच्या इंजिनाची उत्तरपूजा

हरीशनं शनिवारी दुपारी बादलीत गणपतीचं विसर्जन केलं आणि हात पुसून तो थेट गराजमध्ये शिरला. दुसरा कुणी असता तर निदान वाटली डाळ खाऊन उठला असता. पण परदेशातल्या, हेन्डरसन उपनगरातल्या त्या घरात गेले कित्येक दिवस हरीशच्या डोक्यात एकच खूळ होतं, टर्बो!

गराजमध्ये उभी होती ती जुनी, पिवळी डॅटसन यूट, मागं उघडा हौदा असलेली छोटी गाडी. शेजारच्या नोराच्या नवऱ्याची, लेनची. लेन गेला, पाठोपाठ नोराची नजरही जवळजवळ गेली, तेव्हा तिनं यूटची किल्ली हरीशला देऊन टाकली. बदल्यात एकच मागणं मागितलं.

"रोज सकाळी सुरू करत जा, डिअर. अख्खा संसार मी त्या आवाजानं जागी झालेय. तो ऐकला की वाटतं, लेन आत्ताच कामाला निघालाय."

हरीशनं तिचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. आणि आज तेच इंजिन त्यानं क्रेनला टांगलं होतं.

त्याच्या जागी बसणारं, वेग घेताना शिट्टी घालणारं टर्बो इंजिन कोपऱ्यात तयार होतं. जवळच्या न्यू लिन भागातल्या एका भंगारवाल्याकडं अपघातात चेपलेली स्पोर्ट्स कार होती, तिच्यातलं. ती चालवणाऱ्याचं काय झालं, हे हरीशनं विचारलं नाही. उत्तर नको असलं की माणूस प्रश्नच विचारत नाही.

बायको, संपदा, डाळीची वाटी घेऊन आली तेव्हा स्वारी भलतीच खुशीत होती. "थांब, याचीही उत्तरपूजा करू!" म्हणत त्यानं खिशातल्या उरलेल्या अक्षता जुन्या इंजिनावर टाकल्या, मूर्ती हलवतात तसं ते जरासं हलवलं आणि मोठ्यानं म्हणाला, "पुनरागमनाय च!"

"अरे, थट्टा कसली करतोस? पुन्हा ये म्हणून देवाला सांगायचे शब्द आहेत ते."

"चिल गं! लोखंड आहे नुसतं."

"आणि नोराला काय सांगणार आहेस?"

त्यावर तोड हरीशनं आधीच काढून ठेवली होती. जुन्या इंजिनाचा आवाज त्यानं फोनवर रेकॉर्ड केला होता. रविवारपासून रोज सकाळी गराजच्या खिडकीत स्पीकर ठेवून तो वाजवू लागला. बिचारी नोरा कुंपणावरून तिच्या झाडाची लिंबं द्यायची, "थँक यू, डिअर," म्हणायची. ती लिंबं वरणावर पिळताना हरीशला घास उतरेना. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! एका आंधळ्या म्हातारीला आपण फसवतोय, हे त्याला पक्कं कळत होतं. तरी संध्याकाळ झाली की पाना घेऊन तो टर्बो बसवायला लागायचाच.

मग एका सकाळी स्पीकर बंद पडला. चार्ज करायचाच राहिला होता. आता माफी मागावी म्हणून हरीश कुंपणापाशी गेला, तर नोराचा चेहरा उजळलेला.

"आज कसा छान आवाज आला! इतके दिवस गाडीला सर्दी झाल्यासारखं वाटत होतं."

हरीश तडक गराजमध्ये आला. जुनं इंजिन मागच्या कोपऱ्यात टायरवर ठेवलेलं होतं. त्याला ना बॅटरी, ना पेट्रोल. कार्बोरेटर तर खोलून वेगळ्या खोक्यात ठेवलेला. त्यानं इंजिनावर तळहात ठेवला.

इंजिन गरम होतं.

ऊन असेल, असं त्यानं मनाला सांगून पाहिलं. पण ती बाजू दक्षिणेची. दक्षिण गोलार्धातल्या या देशात तिकडं ऊन फिरकत नाही.

त्यानं स्पीकर लावणं सोडून दिलं. रोज सकाळी तो गराजमध्ये उभा राहायचा. त्याला काही ऐकू यायचं नाही. पलीकडं नोरा मात्र खिडकी उघडून हसायची, आणि हरीशच्या हाताला लोखंड गरम लागायचं. एकदा संपदा सोबत आली. खाचेत अडकलेल्या अक्षतांकडं ती बघत राहिली. तव्यावर भाजल्यासारख्या त्या तांबूस झाल्या होत्या.

"तू त्याला परत ये म्हणालास, हरीश," ती हळूच म्हणाली. "ते आलंय. आणि त्याची जागा तू दुसऱ्याला देऊन बसलायस."

त्याच आठवड्यात शनिवारी त्यानं टर्बो बाहेर काढायला घेतलं. त्याचं वायरिंगही अजून व्हायचं होतं. घरी आणल्यापासून ते एकदाही सुरू झालं नव्हतं. क्रेनला लटकणारं ते इंजिन बघून हरीशला पहिल्यांदाच त्या चेपलेल्या कारची आठवण झाली. चालकाचं दार पार आत गेलेलं होतं. सीटवर काय होतं ते बघायला तो वाकलाही नव्हता. आतून लाज वाटली त्याला.

देवघरातून त्यानं अक्षता आणल्या. या वेळी थट्टा नव्हती. हात जोडले, ज्याचं कुणाचं असेल त्यानं क्षमा करावी म्हणाला, अक्षता वाहून इंजिन जरासं हलवलं. लहानपणापासून तोंडात बसलेले शब्द, ओघात येऊन गेले.

"पुनरागमनाय च."

संपदानं चमकून त्याच्याकडं पाहिलं. तोवर बोलून झालं होतं.

रविवारभर खपून त्यानं लेनचं इंजिन परत यूटमध्ये बसवलं. सोमवारी सकाळी किल्ली फिरवली. जरा खोकलं, थरथरलं आणि लागलं! तोच जुना आवाज. हरीशच्या छातीवरचं ओझं उतरलं. गाडी बंद करून, डोळे पुसतच तो कुंपणाकडं धावला.

नोरा पायरीवर बसली होती.

"ऐकलंस, नोरा?"

"ऐकलं की. अगदी लेन. स्वीट अ‍ॅज, एकदम झकास!"

मग तिनं मान कलती केली.

"पण तो दुसरा कोण रे?"

"दुसरा?"

"तू गाडी बंद केलीस, त्यानंतरचा. शिट्टी घातल्यासारखा आवाज होता बघ. तरुण पोरगा असणार, अ‍ॅक्सिलरेटर असा पोरंच दाबतात. फार घाईत होता बिचारा."

हरीशनं वळून गराजकडं पाहिलं.

"तुझ्याच गराजमधून आला ना?"

तो परत फिरला. यूट शांत उभी होती. मागच्या कोपऱ्यात, टायरवर, टर्बो. सुट्या वायरी खाली लोंबत होत्या.

हात लावायचं त्याला धैर्य झालं नाही. तो नुसता वाकला.

परवाच वाहिलेल्या अक्षता काळ्या पडल्या होत्या, आणि त्यांतून अजून धूर निघत होता.