रणातली रिकामी टाकी

"पाणी चोरीला जातंय," लिसी म्हणाली आणि बिपिनला हसू आलं.

"किती? बादलीभर?"

"टाकीभर. तेही सारखं."

तरला वोरांनी बिपिनला हातानेच थांबवलं. ध्रांगध्र्यात खासगी तपासाची कामं घेणाऱ्या त्या एकट्याच बाई. बिपिन हा त्यांचा मावसभाऊ. तो त्यांची जीप चालवी आणि वर फुकटचे तर्क लढवी.

लिसी मूळची केरळची. एका संस्थेची स्वयंसेविका म्हणून ती कच्छच्या छोट्या रणात अगरियांच्या, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांच्या मुलांना शिकवत होती. शाळा म्हणजे गोणपाटाचं झोपडं; ती राहायचीही त्यातच. संस्थेचा टँकर तिथेच उभा असे. कुणाचं पाणी संपलं की तो आपल्या मिठागरावरून उन्हात आरसा धरी. चमक दिसली की ड्रायव्हर हबीब टँकर काढी आणि लिसीही बरोबर जाई.

"सगळ्यात लांब वेलाबापा राहतात," ती म्हणाली. "एकटेच. बायको वारली, मुलगा मोरबीच्या कारखान्यात. एका माणसाची टाकी, पण भरल्या घरांच्या आधी रिकामी होते. संस्था म्हणते, हबीबभाई अर्धीच भरतात आणि बाकीचं पाणी हॉटेलवाल्यांना विकतात. शनिवारी त्यांना काढून टाकणार आहेत. पण बेन, मी स्वतः टाकी काठोकाठ भरलेली बघते!"

"मग तसं सांगा की."

"सांगितलं. म्हणतात, तुम्ही नव्या आहात, तुम्हाला गुंडाळलं असेल."

रणात शिरल्यावर बिपिन बराच वेळ बडबडला, मग तोही थांबला. चहूकडे पांढरी जमीन आणि वर आभाळ. बोललेलं कुठे आदळून परतही येत नव्हतं. तरलाबेनना उगीचच घरची आठवण झाली.

हबीब टँकरला टेकून उभा होता. त्याला राग आला होता आणि तो लपवतही नव्हता.

"विकायचंच असतं तर पोराबाळांच्या घरचं विकलं असतं, बेन. तिथे पत्ताही लागला नसता. एकट्या म्हाताऱ्याचं विकायला मी खुळा आहे?"

"बापांचं पाणी पुरलं, असं कधी झालंय?"

"नाताळात. लिसीबेन गावी गेल्या होत्या. महिनाभर आरसाच नाही! काळजी वाटून मीच गेलो, तर टाकी निम्मी भरलेली."

बिपिन कानाशी लागला. "ही पोरगीच चोर."

"आणि चोरच आपल्याला बोलवायला आली?"

"हुशार चोर असतात, तरलाबेन."

"असतील. तुला कधी भेटले?"

दुपारी वेलाबापांच्या आगरावरून चमक आली. पाणी संपलं होतं. टँकर पुढे, जीप मागे असे सगळे निघाले. वाटेत शेजारच्या आगरावर कानजी दिसला. विहिरीवरून त्याचं आणि वेलाबापांचं वर्षानुवर्षं वाजत होतं.

"माझ्यावर संशय? घ्या!" तो म्हणाला. "मधे माझं सगळं ओलं आगर आहे. पाणी आणायला गेलो असतो तर चिखलात पाय उमटले असते. दिसतंय एक तरी पाऊल? आणि त्या कंजूषाला पाणी लागतं कशाला? अंघोळ विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं करतो, थाळी मिठानं घासतो!"

वेलाबापा धुवट फेटा बांधून दारात उभे होते. झोपडीतल्या प्रत्येक वस्तूवर मिठाची पुटं चढली होती. दाराशी टांगलेला आरसा तेवढा लख्ख होता. बापांनी लिसीला तिच्या आईच्या गुडघ्याचं विचारलं, तिच्या भावाच्या परीक्षेचं विचारलं. ती उठायला लागली की ते पुन्हा चहाचं आधण ठेवत. पाणी मात्र थेंब-थेंब मोजून घेत.

बिपिन टाकीमागे फिरून आला, तो चपला झटकतच.

"सगळीकडे पांढरंफटक आणि नेमकी तिथेच काळी, चिकट माती!"

तरलाबेन जाऊन पाहून आल्या.

"हबीबभाई, तुम्ही सुटलात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला चोरी करायचीच असती तर लिसीबेन नसताना केली असती. तेव्हाच पाणी पुरलं. कानजीचं पाऊल चिखलात नाही. आणि पाणी इथे वापरलंही जात नाही."

"मग गेलं कुठे?" बिपिनने विचारलं.

"तुझ्या चपलेला लागलंय. खारं पाणी वाळलं की मीठ ठेवून जातं. गोडं पाणी असलेलं मीठही विरघळवून नेतं. तो काळा पट्टा टाकीच्या नळाखालून निघतो, आणि इथे राहणारा माणूस एकच."

"पण स्वतःचं पाणी कोण सांडेल?"

"आरसा बघ. घरात पुसलेली वस्तू तेवढीच. लिसीबेन रणात असल्या की टाकी रिकामी होते, नसल्या की होत नाही. पाण्यासाठी टँकर येत नव्हता, बिपिन. टँकर यावा म्हणून पाणी जात होतं."

वेलाबापांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"रणात गोडं पाणी ओतलं मी," ते म्हणाले. "दर वेळी हात कापायचे. पण दिवसभर विहिरीवरच्या पंपाचा आवाज ऐकायचा, माणसाचा नाही. ही आली की बोलते. हबीबच्या पोटावर पाय येतोय, हे मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ."

"बापा, नुसतं बोलावलं असतं तर आलो नसतो का?" हबीब म्हणाला.

"काम नसताना कोण कोणाला बोलावतं, भाई?"

शनिवारी बापा स्वतः संस्थेत जाऊन सगळं बोलले. हबीबची नोकरी राहिली.

त्यानंतर मात्र त्या बाजूने चमक येईना. संध्याकाळी मुलं घरी गेली की लिसी दारात बसून तिकडे बघत राही. केरळहून आल्यापासून या रणात तिच्याशीही कुणी बसून बोललं नव्हतं. बोलत होते ते एक वेलाबापाच. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, तरलाबेननाही नाही.

एक दिवस तिने मुलांना लवकर सोडलं. भिंतीवरचा आरसा काढला आणि उन्हात वेलाबापांच्या दिशेने धरला. हात दुखेपर्यंत धरून ठेवला.

कितीतरी वेळाने तिकडे काहीतरी चमकलं.

हबीब किल्ली घेऊन धावत आला. "पाणी न्यायचं?"

"नको," लिसी म्हणाली. "चहा प्यायला जायचंय."