रुंद केलेलं दार

सासऱ्यांना वृद्धाश्रमात धाडलं की सुनेच्या पदरात काय काय पडणार, याची मोजदाद नणंदेने चहा निवायच्या आत उरकली. रात्रीची सलग झोप, उजेडाची मोठी खोली, आणि लोळायला मोकळी दुपार... "वहिनी, चैन आहे बाई तुझी," म्हणत तिने कप खाली ठेवला. तिला स्वतःला बापाला चार दिवससुद्धा नेता येत नव्हतं. तिच्या घरी म्हणे जिना होता.

नवऱ्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्या एका नजरेत सुनेच्या इतक्या वर्षांच्या संसाराची राख झाली.

तिने मान खाली घालून तेच वाक्य पुन्हा म्हटलं, "मला नाही झेपत आता."

वाक्य तिचं नव्हतंच. सासऱ्यांनी ते तिला पढवलं होतं.

सासरे सुतार, नवराही सुतार. पाय गेल्यापासून म्हातारा चाकाच्या खुर्चीत, आणि खुर्ची काही न्हाणीघराच्या दारातून जाईना. साऱ्या गावाच्या चौकटी बसवणाऱ्या नवऱ्याला घरातली चौकट रुंद करायला एक रविवार सापडत नव्हता. "करतो गं, हातातलं काम संपू दे." तोवर सून सासऱ्यांना काखेत धरून उचलायची आणि अंग तिरपं करून दारातून न्यायची. एका सकाळी तिच्या कमरेत कडकन काहीतरी मोडलं. तिने ओठ दाताखाली दाबला. पण काखेत धरलेल्या माणसाला तो हिसका समजलाच.

"पोरी, तू म्हण, झेपत नाही म्हणून."

"तुम्हीच सांगा ना, बाबा. मला सगळे शिव्या घालतील."

"मी सांगितलं तर तो धंदा गुंडाळून माझ्या उशाशी बसेल. तुझ्यावर चिडला तर मात्र धाडेल. रागात त्याचा हात भराभर चालतो." मग तिचा हात घट्ट धरून म्हणाले, "मी आहे तोवर बोलू नकोस. हेही नाही, आणि कमरेचंही नाही."

तिने शब्द दिला... आणि पाळला.

नवऱ्याने बोलणं टाकलं. जेवताना फार तर "मीठ" म्हणायचा. संध्याकाळी एकटाच वृद्धाश्रमात जायचा. ती चपला घालू लागली की म्हणायचा, "तू राहू दे. तुला झेपायचं नाही." तो गेला की ती न्हाणीघराच्या अरुंद दारात दोन्ही हात चौकटीला टेकून उभी राहायची. कमरेला तेवढाच आधार.

म्हातारा खालावला. औषधांपेक्षा आता माणसं जवळ असू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या रागात नवऱ्याने एका दिवसात भिंत फोडून चौकट रुंद केली. "मरण तरी घरात येऊ दे माझ्या बापाला. कुणाला झेपो, न झेपो."

माप त्याने खुर्चीचं घेतलं होतं. बाप आता खुर्चीत बसण्याच्या पलीकडे गेला होता, कूससुद्धा दुसऱ्यांनी वळवावी लागत होती. हलवलं तर वाटेतच जातील, असं वृद्धाश्रमातली परिचारिका म्हणाली.

"बाबा, दार रुंद केलंय," तो बापाच्या कानाशी म्हणाला. "खुर्ची आरामात जाते."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या कडा भरून आल्या. "आधी केलं असतंस... तर तिची कंबर वाचली असती. ते झेपत नाही वगैरे... मी बोलायला लावलं रे तिला."

पहाट व्हायच्या आत ते गेले.

सगळं आटोपून पाहुणे पांगल्यावर एका संध्याकाळी नवरा कामावरून येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसला. "बाबांनी सांगितलं मला."

"बरं झालं."

"तू का नाही बोललीस? एकदा तरी..."

"शब्द दिला होता. आणि तुम्ही तरी विचारलंत कुठे? ते असताना शेवटचं भेटूसुद्धा दिलं नाहीत मला त्यांना."

तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा होता. तिने तो सवयीने वेचून काढला; क्षमा म्हणायची तर तीच.

म्हाताऱ्याला हवं तसं जाता आलं, कुणाच्या काखेला भार न होता. नणंदेला चारचौघांत पोटभर रडता आलं. नवऱ्याचं मन हलकं झालं. सून उठली तशी कमरेतून कळ आली. न्हाणीघराच्या दारात थांबून तिने सवयीप्रमाणे दोन्ही हात पसरले... एक चौकटीला टेकला, दुसरा हवेतच राहिला.